सर्पगुरू आणि नवं घर

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥



अवधूतांच्या चोवीस गुरूंचा आपला अभ्यास चालू आहे. नेहमी एका पाठात एकच गुरू घेतो. या वेळी सर्पगुरूची पाळी होती, पण पाठात आणखी तिघेचौघे आलेत. त्याला कारण एका वैनींचा प्रश्न. मागच्या गुरुवारी भजन झालं, प्रसाद वाटून झाला, आणि चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "काका, पुढच्या पाठात सर्प आहे म्हणे. अवधूत तर म्हणतात घर बांधणं म्हणजे दुःख. आणि आम्ही इकडं मोठं घर बघत फिरतोय. मग आमचं चुकतंय काय?"

उभ्या उभ्या द्यायचं उत्तर नव्हतं ते. म्हणून आज सविस्तर लिहितो. घरात सगळ्यांनी बसून वाचा. एकानं मोठ्यानं वाचलं तर म्हाताऱ्या माणसांनाही ऐकता येईल.

आधी मूळ प्रसंग. भागवताच्या अकराव्या स्कंधात सातव्या ते नवव्या अध्यायात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. परंपरा या अवधूतांना दत्तात्रेयच मानते. राजा विचारतो, तुमच्याजवळ काही नाही, तरी तुम्ही एवढे आनंदात कसे? तेव्हा अवधूत पृथ्वी, वारा, आकाशापासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात सर्प येतो नवव्या अध्यायात. तो एकटा हिंडतो, कमी बोलतो, सावध राहतो, आणि घर बांधत नाही. नाशवंत देहासाठी घर उभारण्याची खटपट म्हणजे दुःखाला आमंत्रण. साप दुसऱ्यानं केलेल्या वारुळात शिरतो आणि सुखानं राहतो. एवढाच दाखला आहे.

आता गंमत बघा. आपल्या मराठीत याच सापाला आपण हसतो. 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतो. वाळवीनं कण कण माती आणून वारूळ उभारायचं आणि हा येऊन फणा काढून बसणार! वैनी पण तेच म्हणाल्या, "मग काय, जन्मभर भाड्याच्या घरात नागोबा होऊन बसायचं?"

भाड्याच्या घरात बसणं म्हणजे नागोबा होणं नव्हे हे आधी सांगून टाकतो. दर महिन्याला भाडं मोजणारा माणूस आयता बसलेला नसतो. पण प्रश्न खरा आहे. अवधूतांचं हे वचन संन्याशाला सरळ लागू पडतं. दोन लेकरं, सासू, सासरे आणि उद्यमबागेतली शिफ्टची नोकरी असलेल्या माणसानं ते कसं घ्यायचं?

याचं उत्तर शोधायला मला नाथांकडं जावं लागलं. अकराव्या स्कंधावर सविस्तर मराठी टीका केली ती एकनाथ महाराजांनी. पैठणला सुरुवात केली आणि १५७३ साली काशीत पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर कारभार बघणारे आणि दत्तोपासक. म्हणजे हा ग्रंथ आपल्याच घरातला म्हणायचा. तर सापाच्या या श्लोकावर ज्यांनी ओव्या लिहिल्या ते नाथ स्वतः कुठं राहत होते? गुहेत नव्हे, मठातही नव्हे. पैठणात त्यांचा वाडा होता. गिरिजाबाई होत्या, दोन मुली, एक मुलगा, उद्धव नावाचा सेवक, आल्यागेल्याचं जेवण. त्याच वाड्याच्या जागी आज गावातलं नाथमंदिर आहे. पांडुरंग श्रीखंड्या होऊन ज्या रांजणात पाणी भरत होते असं आपण मानतो, तो रांजण तिथंच दाखवतात.

म्हणजे 'घर दुःखाचं' या वचनाचा अर्थ मराठीत समजावून सांगणारा माणूस भरल्या घरात राहून ते सांगत होता. यात विसंगती आहे काय? मला वाटत नाही.

परंपरेतली गावबाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पुरणपोळीचा हट्ट धरणारा एक मुलगा, घरचे कंटाळले, आणि नाथांच्या घरी रोज पुरणपोळी मिळते म्हणून तो तिथंच येऊन राहिला. गिरिजाबाईंनी त्याला सांभाळलं. नाथांचं भावार्थ रामायण अपुरं राहिलं, ते पुढं पूर्ण केलं याच गावबानं. दुसऱ्याचं, तेही हट्टी पोरगं ज्या घरात खपतं, ते घर नाथांचं. आणि सगळं गोडच होतं असंही नाही. मुलाशी, हरिपंडितांशी मतभेद झाले, ते घर सोडून काशीला गेले अशी कथा आहे. नाथांच्या घरातसुद्धा बापलेकाचं वाजलं होतं, हे मला तरी धीर देणारं वाटतं.

आपल्या श्रीपंतांचंही तेच. १८५५ साली जन्म, १९०५ साली बेळगावात देह ठेवला. मधली बरीच वर्षं लंडन मिशनच्या शाळेत मास्तरकी केली. भावांसह एकत्र कुटुंब, शिक्षकाचा पगार, आणि तरी दारात भक्तांची रीघ. बाळेकुंद्रीच्या आमराईत आपण उत्सवाला जातो तेव्हा समाधीपुढं डोकं टेकतो, पण ते रोज सकाळी शाळेला जाणारे गृहस्थ होते हे विसरतो. त्यांनी कुणाला घर सोडून या म्हटलं नाही.

तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणं सर्पगुरू गृहस्थाला एवढंच सांगतो: घरात राहा, पण आपलं सगळं आयुष्य भिंतीत घालू नको. घर माणसांसाठी, माणसं घरासाठी नव्हेत. आता हे वाक्य ऐकायला सोपं आहे. पण मोठं घर बघायला निघालं की त्याचा कस लागतो. म्हणून त्या वैनींच्याच घराची गोष्ट त्यांना विचारून, नाव न घेता लिहितो.

शहापुरात दोन खोल्या. सासू-सासरे, नवरा-बायको, दोन मुलं. मोठी मुलगी सातवीत, धाकटा दुसरीत. मुलगी अभ्यासाला बसली की सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज बारीक करायचा, त्यांना मग ऐकू येत नाही, ते चिडतात. नवरा रात्रपाळी करून आला की दिवसा झोपणार, म्हणजे धाकट्यानं बाहेर खेळायचं. स्वैपाकघरात दोघी बायका उभ्या राहिल्या की तिसऱ्याला पाणी प्यायला यायला वाट नाही. यात कुणाचाच दोष नाही. पण रोज काहीतरी वाजतंच.

इथं अवधूतांचा दुसरा एक गुरू आठवा, कुमारी. घरी पाहुणे आलेत, घरात ती एकटीच, म्हणून भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. घरात कांडायला दुसरं कुणी नाही हे पाहुण्यांना कळेल म्हणून लाज वाटली. एकेक करून तिनं बांगड्या काढल्या. दोन राहिल्या तरी वाजतच होत्या. एकेक उरली तेव्हा आवाज थांबला. अवधूत यातून एकांत शिकले. पण मी या गोष्टीत आणखी एक बघतो. त्यांनी बांगड्यांना नावं ठेवली नाहीत. जवळ जवळ आल्या की वाजणारच, तो त्यांचा स्वभाव. गृहस्थाला माणसं काढून टाकता येत नाहीत. मग जागा वाढवावी लागते. तेव्हा वैनी, मोठं घर बघताय यात पाप काहीच नाही. मनातली ती बोच आधी काढून टाका.

पण पुढचं ऐका.

त्यांना दोन घरं पसंत पडली होती. एक तिसऱ्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट, नवीन, गॅलरी मोठी, खाली गाडीला जागा. लिफ्ट आहे, पण लाईट गेली की बंद. जनरेटर 'पुढं बसवणार'. दुसरं तळमजल्याचं जुनं घर, दोन बेडरूम, पुढं थोडं अंगण, भिंतीला ओल. नवऱ्याचा ओढा फ्लॅटकडं, कारण कंपनीतल्या मित्रांनी तिथंच घेतलाय. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्या म्हणत होत्या, "तुम्ही जावा, आम्ही दोघं इथंच राहतो. भाडं तेवढं भरा." सगळ्यांना वाटलं, म्हातारीला गल्ली सोडवत नाही. वैनींनी एके रात्री शेजारी बसून विचारलं तेव्हा खरं कळलं. त्यांना जिन्याची भीती वाटत होती. एकदा वर गेले की परत खाली येणं होणार नाही, देवळात जाणं बंद, दारात बसणं बंद, आपण वर अडकणार. हे तोंडानं सांगायला लाज वाटत होती, कारण पोरगा एवढ्या हौसेनं बघतोय.

आपल्याकडं घर बघायला गेलो की पहिलं विचारतो देवघर ईशान्येला आहे काय, दरवाजा कुठल्या दिशेला. विचारावं, श्रद्धा आहे. पण संडास म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणापासून किती पावलांवर आहे, तिथं धरायला दांडी बसवता येईल काय, रात्री वाटेत उंबरा लागतो काय, हे कोण विचारतं? वास्तुपुरुषापेक्षा आईचा गुडघा आधी बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

आता पैशाकडं येतो. इथं दोन गुरू एकदम उभे राहतात. एक मधमाशी. ती साठवते, साठवते, आणि मध काढणारा येऊन सगळं घेऊन जातो. तो मध काढणाराही अवधूतांच्या यादीत वेगळा गुरू आहे. आजच्या काळात तो कोण हे कागद-पेन घेऊन बघूया.

समजा २५ लाखाचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो महिन्याला २१,७०० च्या आसपास. पहिल्या महिन्यात त्यातले १७,७०० व्याजातच जातात. मुद्दल फिटतं जेमतेम ४,०००. पाच वर्षं न चुकता भरलं तर तुमच्या खिशातून १३ लाख गेलेले असतात आणि कर्ज अजून २२ लाखाच्या वर शिल्लक असतं. वीस वर्षांत एकूण भरता ५२ लाख. तेच कर्ज १५ वर्षांचं केलं तर हप्ता साधारण २,९०० नं वाढतो, पण एकूण ४४ लाखात सुटका होते. जवळजवळ पावणेआठ लाखांचा फरक. दर बदलला की आकडे बदलतील, पण चाल हीच राहते. घरात बसून हा हिशेब एकदा तरी सगळ्यांसमोर करा, म्हाताऱ्यांसमोर आणि सातवीतल्या पोरीसमोरसुद्धा. हौसेनं घेतलेलं घर आणि हप्त्यासाठी ओव्हरटाईम करणारा बाप पोरांना फक्त झोपलेला दिसतो, मग ते तीन बेडरूम कुणासाठी?

दुसरा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. झाडावर घरटं, जोडी, पिलं. पारध्यानं जाळं टाकलं, पिलं अडकली, आई रडत रडत जाळ्यात शिरली, आणि मग बापानंही उडी घेतली. लहानपणी मला ही गोष्ट आवडायची नाही. माया केली म्हणून शिक्षा, असं वाटायचं. आता वाटतं, मायेत त्याला जाळं जाळं दिसलंच नाही. आपल्या भागात हे जाळं बऱ्याचदा कागदाचं असतं, म्हणून जरा तपशिलात सांगतो. पोरांसाठी स्वतःचं छप्पर पाहिजे या घाईत माणूस कुठंही सही करतो.

आपण मराठी शाळेत शिकलेले, कागद सगळे कानडी. 'एजंट ओळखीचा आहे' म्हणून सही होते. असं करू नका. खरेदीखत असो, पहाणी असो, ई-खाता असो, कानडी नीट वाचता येणाऱ्या आपल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या आणि स्वतंत्र वकिलाला दाखवा. विकणाऱ्यानं आणलेला वकील नको. जागेवर कर्जबोजा आहे काय हे ई. सी. काढून कळतं, जुन्या वर्षांपासूनची काढा. ग्रामपंचायत हद्दीतली जागा असेल तर ई-स्वत्तूचे नमुना ९ आणि ११ मागा. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेली जागा बिनशेती झालीय काय ते बघा. आणि बॉन्डवर लिहून घेतलेली जागा म्हणजे आपली झालेली जागा नव्हे; रजिस्टर खरेदीखत झाल्याशिवाय मालकी येत नाही. स्वस्त मिळतंय म्हणून बॉन्डवर पैसे देऊन बसलेली माणसं आपल्यातही आहेत. त्यांच्यावर मी हसत नाही. त्यांनी पोरांसाठीच केलं होतं.

अवधूतांचा शरकार आठवा. बाण सरळ करण्यात तो इतका गढला की शेजारून राजाची वाजतगाजत स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. सही करायच्या दिवशी फोन बंद ठेवून तसं बसायचं.

आणखी एक. जागा बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, किंवा गेलात तर पावसाळ्यात परत जावा. बळ्ळारी नाल्याकडची शेतं आषाढ-श्रावणात कशी दिसतात ते वडगाव-शहापूरच्या माणसाला सांगायला नको. निपाणीकडच्यांना २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवत असेल, वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली होती. समुद्र पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही, म्हणून अवधूतांनी त्याला गुरू केलं. आपल्या नद्या-नाल्यांचं तसं नाही हो. शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, पाणी कुठवर येतं. तो हातानं भिंतीवर दाखवतो, ते खरं.

मुलांच्या शाळेचा मुद्दा वैनींनी स्वतःच काढला. नव्या वसाहतीजवळ मराठी शाळा नाही. धाकट्याला रोज लांब पाठवायचं की शाळा बदलायची, यावर त्यांच्या घरात दोन मतं आहेत आणि मी त्यात बोललो नाही. एवढंच म्हणालो, शाळा कुठलीही असू दे, संध्याकाळची आरती आणि आजीच्या गोष्टी मराठीत चालू ठेवा. आणि नव्या शेजारी कानडी घरं असतील तर पहिल्या आठवड्यात तुम्हीच जावा. 'बर्री' म्हणायला आपल्याला कुठं जड जातंय? श्रीपंतांनी कानडीतही पदं रचली आहेत. पोळ्यांचं ताट घेऊन गेलं की भाषा मागाहून येते.

तर निर्णय काय झाला, सगळे विचारताय म्हणून सांगतो. तळमजल्याचं घर ठरलं. कर्ज थोडं कमी लागलं, मुदत पंधरा वर्षांची केली. नवऱ्याचं तोंड दोन दिवस पडलेलं होतं, ते खोटं कशाला सांगू. ओल काढायला गवंडी लावलाय. पुढची खोली सासू-सासऱ्यांना दिली, दारातून रस्ता दिसतो म्हणून. मुलीला मागं खिडकीपाशी टेबल. दोघं नवरा-बायको उरलेल्या लहान खोलीत, आणि बाहेरची पडवी पत्रा घालून आल्यागेल्याला ठेवणार आहेत. वैनी म्हणाल्या, "गावबा आला तर झोपवायला पाहिजे की."

सामान हलवताना काय न्यायचं यावर मात्र अजून वाद आहे. सासूबाईंचा पाटा-वरवंटा, सासऱ्यांच्या जुन्या पंचांगांची चळत, आणि एक मोडका पाळणा ज्यात घरातली तीन पिढ्यांची पोरं झोपली. कुरर पक्ष्याच्या चोचीत मांस होतं तोवर बाकीचे टोचत होते, टाकलं आणि सुटला. हा दाखला मी सांगितला तर सासूबाई म्हणाल्या, "ते मांस होतं. हा पाटा आहे." मी गप्प बसलो. पाटा येतोय. पाळणा दुरुस्त करून ज्यांच्या घरी बाळ येणार आहे अशा एका गुरुभगिनीला द्यायचा ठरलाय. पंचांगांचं बघू.

वास्तुशांत चांगला मुहूर्त बघून, साधीच. आधी देव, मग मीठ-पीठ आणि पाण्याचा कलश आत जाईल, दूध उतू घालायचं, आणि त्याच संध्याकाळी पडवीत भजन. सगळ्यांना बोलावणं आहे. दिवस ठरला की ग्रुपवर टाकतो. टाळ आपापले आणा. सतरंज्या कमी पडतील, ज्यांच्याकडं असतील त्यांनी कळवावं.

पुढच्या पाठात कोळी. तोवर घरात बसून एक करा. कागदावर आपल्या घराचा नकाशा काढा, मोठं असो लहान असो, आणि कुठली जागा कुणाची आहे ते मुलांना लिहायला सांगा. आजी-आजोबांचं नाव ते कुठं लिहितात ते बघा. गुरुवारी कागद घेऊन या.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥